बेळगावात मासे घेताना

तुम्ही नवीनच मासे घ्यायला लागलाय म्हणून सांगतो. आपल्याकडे मासळी येते ती आंबोली नाहीतर चोर्ला घाटातून, मालवण-वेंगुर्ला आणि गोव्याकडून. म्हणून मासे विकणाऱ्या मावशींना भावाआधी विचारा, 'रापणीचा की ट्रॉलरचा?' रापणीचं जाळं किनाऱ्यावरून माणसं हातानं ओढतात. ट्रॉलर म्हणजे यांत्रिक बोट, तिचं जाळं मात्र तळ खरवडत जातं, हाती लागेल ते सगळं उचलतं. चार वेळा विचारलंत की मावशी आपणहून सांगायला लागतात.

बांगडे, तारल्या खुशाल घ्या, हे मासे लवकर वाढतात. हातभर सुरमई मात्र कितीही स्वस्त असो, सोडा. ती दोन फुटांच्या पुढं गेल्यावर कुठं अंडी घालायला लागते. त्याआधीच तव्यावर आली तर पुढची पिढी यायची कुठून? मला याचं फार वाईट वाटतं.

१ जून ते ३१ जुलै कर्नाटकाच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटी बंद असतात. तेव्हा 'ताजी सुरमई' म्हटलं की ती कुठली, कधीची, ते विचाराच. त्या दिवसांत सुके बांगडे, सुकट, नाहीतर तळ्यात पाळलेला कटला. घटप्रभा नदीतले गाबोळीनं, म्हणजे अंड्यांनी, पोट फुगलेले मासे पावसाच्या सुरुवातीला घेऊ नका. कल्ले उघडून बघा, लालभडक असले तरच पिशवी पुढं करा.