वाचकांचे प्रश्न : आजाऱ्याच्या समाचाराला जाताना

प्रश्न : सप्रेम सलाम. आमच्या मंडळीतील (चर्चमधील) एक आजी अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळल्या आहेत. दर रविवारी उपासनेनंतर आम्ही दहा-बारा जण त्यांच्याकडे जातो, दोन गीते म्हणतो, प्रार्थना करतो. परवा त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, ‘याल तेव्हा आधी कळवत जा, सगळ्यांचा चहा करायला दूध नसतं.’ आमचे काही चुकते आहे का?
— एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : जाणे थांबवू नका, पण जाण्याची पद्धत बदला. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात उघड्या-उपाशी भावाला ‘ऊब घ्या, तृप्त व्हा’ असे नुसते म्हणणाऱ्यांना ‘त्याचा काय उपयोग?’ असा थेट प्रश्न आहे. त्या घरात आज सर्वांत थकलेली व्यक्ती सूनबाई आहेत. म्हणून आधी त्यांनाच विचारा, ‘कोणत्या वारी, किती वाजता आम्ही बसलो तर तुम्हाला बाहेर पडता येईल?’ मग आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, दोघींनीच जावे. चहा घ्यायचा नाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. शक्यतो त्याच दोघी जाव्यात. रोज नवा चेहरा आला की अंग पुसून घ्यायला आजींना संकोच वाटतो.

तिथे करायचे काय, हे सूनबाईंकडून आणि डॉक्टरांकडून आधी शिकून घ्या. कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. खांद्यापासून मांडीपर्यंत पोहोचेल अशी चादर दुमडून अंगाखाली घाला. दोघींनी दोन बाजूंनी ती धरून आजींना उचलून सरकवा. ओढू नका, त्वचा घासून सोलते. लुळा हात धरून तर कधीच ओढू नका, खांदा निखळतो. पूर्ण कुशीवर न झोपवता पाठीमागे उशी देऊन थोडे कलते ठेवा. एक उशी गुडघ्यांच्या मधे, एक पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. माकडहाड, टाचा आणि खुबे रोज पाहा. लाल डाग बोटाने दाबूनही फिकट होत नसेल तर त्या जागेवरचा भार लगेच काढा आणि डॉक्टरांना कळवा. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून जागा गरम किंवा कडक लागते का ते बघा. अशा जागी चोळणे, स्पिरिट लावणे, खाली गोल रिंग ठेवणे, हे सगळे जखम वाढवते. अनेक घरांत हे मायेपोटीच केले जाते.

भरवताना सरळ बसवा, छोटा चमचा, घास चांगल्या बाजूने. लुळ्या गालात अन्न साठले आहे का ते बघा आणि नंतर अर्धा तास बसलेलेच राहू द्या. पाणी पिताना ठसका लागला किंवा आवाज घोगरा, ओलसर झाला तर भरवणे थांबवा आणि डॉक्टरांना विचारा. पातळ पदार्थच बहुतेकदा श्वासनलिकेत जातात.

असे उपक्रम महिन्याभरात मोडतात, कारण एकीला ताप आला की तो दिवस रिकामा जातो. भगिनी मंडळाच्या वहीत प्रत्येक वारापुढे दोघींसोबत बदलीचे तिसरे नावही लिहा. आजींना आवडत असेल तर एखादे गीत जरूर म्हणा, कूस बदलून झाल्यावर.

प्रश्न : औषधांसाठी मंडळीत वर्गणी काढली आहे. ती उपासनेत नाव घेऊन द्यावी का?

उत्तर : नको. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, असे प्रभूने सांगितले आहे. औषध दुकानातली उधारी खजिनदाराने परस्पर भागवावी, पावती घरी द्यावी. अंथरुणावरच्या माणसाचा फोटो ग्रुपवर टाकू नका.

प्रश्न : शेजारचे आजोबाही असेच पडून आहेत. ते ख्रिस्ती नाहीत. त्यांच्याकडे गेल्यावर सुवार्ता (येशूचा संदेश) सांगायला हवी ना?

उत्तर : त्यांनी विचारले तर मोकळेपणाने सांगा, प्रार्थनाही घरच्यांना विचारून करा. न विचारता धर्मप्रचाराची पत्रिका ठेवू नका. येशूने सांगितलेल्या दाखल्यातल्या दयाळू शमरोनी माणसाने वाटेत पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्या बांधल्या, जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवले, उतारशाळेत दोन दिवसांच्या मजुरीइतके पैसे दिले आणि वर खर्च झाला तर परत येताना देतो म्हणाला. वाटेत त्याला काही शिकवल्याचे लूकच्या शुभवर्तमानात नाही. आजोबांकडेही तीच दुमडलेली चादर, त्याच तीन उश्या लागतील.