मेलेली कोंबडी उचलण्याआधी

नवा आहेस म्हणून सांगतो. खुराड्यात एकदम तीन-चार कोंबड्या मेलेल्या दिसल्या, तर बर्ड फ्लू असू शकतो, उघड्या हाताने उचलू नकोस. आधी पशुवैद्यकाला फोन. आत जायचंच झालं तर हातमोजे, मास्क, चष्मा. सुकलेली विष्ठा झाडू नकोस, धूळ उडाली की विषाणू थेट नाकाडोळ्यांत. जंतुनाशक शिंपडून ओली कर, मग खरवड. डोळे चोळायची सवय मोड (माझी अजून सुटली नाही!). १९९७ मध्ये हाँगकाँगला एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूची १८ जणांना लागण झाली, ६ दगावले. खुराड्यातून आल्यावर पुढचे १० दिवस ताप, खोकला, लाल डोळे यांवर लक्ष ठेव. काही जाणवलं तर डॉक्टरांना कोंबड्यांचं आधी सांग. औषध लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत सुरू झालेलं बरं. आजारी पक्षी कापून खायचा मात्र विचारसुद्धा नको.