देणगीसाठीच्या मॅरेथॉनचा सराव करतोय, पण ३० किमीच्या धावेत २२ नंतर पाय उचलतच नाहीत. कसं रेटायचं?

आधी एक बघा: पहिले दहा किमी किती वेगाने धावलात? बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं. लांब धावेत धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, इतकंच पळायचं. दुसरं म्हणजे खाणं. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे इंधन म्हणून साठवलेल्या साखरेचा, साठा दीड-दोन तासांत बराच उतरतो आणि मग पाय शिशाचे होतात. भूक लागायची वाट पाहू नका. पहिल्या ४०-४५ मिनिटांनंतर थोडं थोडं खायला लागा, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. सोबत घोट घोट पाणी.

तरीही अवघड क्षण येतोच. माझा २६ व्या किमीला आला होता. भुवयांवर मीठ सुकलेलं, डाव्या पोटरीत गोळा, आणि मी एका खांबाला धरून उभा. तेव्हा उरलेले चार किमी डोक्यातून काढून टाकले. चार मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं, बस्स. प्रत्येक तुकडा एकेका देणगीदाराच्या नावाने धावलो. पहिलं नाव आईचं होतं. खरंच सांगतो, त्या नावांनी मला घरी आणलं. चालणं म्हणजे हार नव्हे, अजिबात नाही!

मात्र एकाच जागी टोचणारी, पावलागणिक वाढणारी कळ, छातीत दुखणं किंवा चक्कर असेल तर तिथेच थांबा. अशा वेळी रेटायचं नसतं. एक धाव अर्धी राहिली म्हणून शर्यत हातची जात नाही आणि देणगीदार तर मुळीच रागावत नाहीत.