शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, सोमवारच्या लेक्चरला हजर

ऑक्टोबरात विद्यार्थ्यांची नवी बॅच युरोपात उतरते. तेव्हा मला येणारे प्रश्न बँकेचं खातं, खोलीचं भाडं आणि कुकर न्यावा का, असे असतात. नोव्हेंबर उजाडला की सूर बदलतो. "ताई, सगळे प्रागला चाललेत, मी पण जाऊ ना?" मी स्वतः जर्मनीतल्या आखेनला शिकले. शहराच्या साध्या बसने नेदरलँड्समधल्या फाल्सला जाऊन कॉफी पिऊन परत यायचं, ही आमची पहिली परदेशवारी होती. त्यामुळे या प्रश्नांना उत्तर देताना माझा कल कुठे झुकतो ते लपणार नाहीच. खाली आलेले काही प्रश्न आणि प्रत्येकाखाली माझं उत्तर.

मी माग्देबुर्गला मास्टर्स करतोय. पासपोर्टवर जर्मनीचा डी व्हिसा (दीर्घ मुक्कामाचा) आहे, तो मार्चपर्यंत चालेल. रेसिडन्स कार्डची अपॉइंटमेंट फेब्रुवारीत आहे. डिसेंबरात मित्रांबरोबर प्राग आणि व्हिएन्नाला जाता येईल का?

येईल. डी व्हिसाची मुदत आहे तोवर, आणि नंतर कार्ड हातात आल्यावर, बाकीच्या शेंगेन देशांत (म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या देशांत) १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. जर्मनीत राहिलेले दिवस त्यात धरत नाहीत. शेंगेनमध्ये सध्या २९ देश आहेत. रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. मुलं हमखास गोंधळतात ती दोन नावं अशी: स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही पण शेंगेनमध्ये आहे, आणि आयर्लंड युरोपीय संघात आहे पण शेंगेनमध्ये नाही. डब्लिनचं स्वस्त तिकीट दिसलं म्हणून काढून टाकू नकोस.

पासपोर्ट मात्र बरोबर हवा. खोलीवर कपाटात 'नीट' ठेवलेला नको आणि फोनमधला फोटोही नको. सीमा उघड्या असतात हे खरं, पण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली. प्रागहून परतताना गाडी जर्मनीत शिरली की पोलीस डब्यात चढू शकतात, आणि डब्यातल्या पन्नास जणांत तुलाच कागद विचारतील, हेही मनात धरून जा. राग येतो, पण तो पासपोर्ट दाखवून झाल्यावर.

खरी अडचण मार्चनंतर येऊ शकते. व्हिसा संपला, कार्ड छापून आलं नाही, आणि मधल्या काळासाठी हातात एक तात्पुरता कागद, अशी अवस्था बऱ्याच जणांची होते. त्या कागदावर जर्मनीत राहता येतं, म्हणजे तो दाखवून पोलंड-ऑस्ट्रियात फिरता येईलच असं नाही. आउसलेंडरबेहोर्डेकडून (परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून) ईमेलवर लेखी उत्तर घे, तोवर देशातच फिर.

आणि देशात फिरणं म्हणजे शिक्षा नाही. तुझ्याकडे डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारं महिन्याचं तिकीट असेल (किंवा सेमिस्टरच्या फीमध्येच आलं असेल), तर सगळ्या प्रादेशिक गाड्या त्यावर चालतात. फक्त आयसी आणि आयसीई या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या नाहीत. माग्देबुर्गहून सुटणारी आरई-१ ही प्रादेशिक गाडी बर्लिन ओलांडून थेट फ्रांकफुर्ट ऑडरपर्यंत जाते. हे मोठ्या विमानतळाचं फ्रांकफुर्ट नव्हे, पोलंडच्या वेशीवरचं. कार्ड आलं की तिथून ऑडर नदीचा पूल चालत ओलांड. पलीकडे स्वुबित्से, म्हणजे पोलंड. पोटभर पिएरोगी (तिथल्या उकडलेल्या करंज्या) खा आणि संध्याकाळच्या गाडीने परत ये. प्रागसाठीही ड्रेस्डेनहून एल्बे नदीच्या काठाकाठाने जाणारी एस-बान ही लोकल बाद शांडाऊपर्यंत याच तिकिटावर नेते. तिथून पुढचं वेगळं तिकीट काढायचं. ती वाट प्रागइतकीच देखणी आहे, खिडकीची जागा पकड.

मी मँचेस्टरला एका वर्षाचा कोर्स करतेय. ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा आहे. ईस्टरच्या सुट्टीत पॅरिस आणि ॲमस्टरडॅम करायचं आहे. ब्रिटनचा व्हिसा असला की युरोप चालतो, असं एक सीनियर म्हणाला.

चालत नाही. सीनियरला चहा पाज आणि हा सल्ला विसर. शेंगेनचा पर्यटक व्हिसा वेगळा काढावा लागेल. फी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क, आणि किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय विमासंरक्षण. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण ईस्टरच्या आधी अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम असतं. जानेवारीतच अर्जाला लाग. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर आधी जिथे उतरणार त्या देशाकडे. अपॉइंटमेंट मिळाली म्हणून तिसऱ्याच देशाकडे अर्ज करायचा आणि तिथे पाऊलही ठेवायचं नाही, हा खेळ करू नकोस. पुढच्या अर्जाच्या वेळी ते समोर येतं. अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा माग आणि कशासाठी हवा तेही लिही.

ब्रिटनमधल्याच बेलफास्टला गेलीस तर तिथून डब्लिनची बस विनातपासणी निघून जाते असं दिसेल. तपासणी दिसली नाही, तरी आयर्लंडचा व्हिसा लागतोच.

एका वर्षाच्या कोर्सात या सगळ्यासाठी किती शनिवार जातात ते मोज. यॉर्क, एडिनबरा, वेल्सचा किनारा हे सगळं व्हिसाशिवाय उरतं. १६-२५ रेलकार्डवर बहुतेक तिकिटं एक तृतीयांशाने स्वस्त होतात, आणि पूर्णवेळ विद्यार्थी असशील तर पंचविशी उलटली तरी ते मिळतं. हे फार जणांना माहीतच नसतं.

आम्ही चौघे मिलानला शिकतो. बर्गामोहून पॅरिसचं विमान पंधरा युरोत दिसतंय! शनिवारी सकाळी जाऊन रविवारी रात्री परत. बरोबर आहे ना?

पंधरा युरो बरोबर आहेत, 'पॅरिस' तेवढं बरोबर नाही. ते विमान बहुधा बोवेला उतरतं, आणि बोवे पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे. म्हणजे पुण्याहून निघून लोणावळा मागे टाकून खोपोलीच्या घाटाखाली उतरावं, इतकं. आता तास मोजू. सकाळी साडेसहाचं विमान, म्हणजे तीनला उठून बर्गामोची बस. आठला बोवे. रांग, बस, शहराबाहेरची गर्दी धरून पॅरिसमध्ये हात-पाय मोकळे व्हायला साडेदहा. रविवारी रात्री आठचं विमान असेल तर चारला पॅरिस सोडायचं. मधे उरले साडेएकोणतीस तास, त्यातले आठ झोपेचे, आणि तीनला उठलेला माणूस आठ तासांत उठत नाही. दोन्हीकडच्या बसचं भाडं विमानाच्या तिकिटाहून जास्त होतं, ते वेगळंच.

सॅकचंही बघ. फुकट नेता येते ती आसनाखाली मावणारी छोटी बॅग, साधारण ४० × ३० × २० सेंटिमीटरची. ट्रेकची सॅक त्यात बसत नाही. आत कोंबलेला स्वेटर अंगावर चढवून बसवायचा प्रयोग गेटवर प्रेक्षकांसमोर करावा लागतो. शिवाय काही कंपन्या युरोपीय पासपोर्ट नसलेल्यांची कागदपत्रं काउंटरवर आधी तपासून घ्यायला सांगतात. माझ्या पहिल्या 'स्वस्त' सहलीत मी ही बारीक अक्षरातली ओळ वाचली नव्हती. सुरक्षातपासणी पार करून ऐटीत गेटवर उभी राहिले आणि तिथून परत पाठवली गेले. बाकीचे तिघे गेले. मी विमानतळावर सँडविच खाल्लं, ते तिकिटापेक्षा महाग होतं.

पॅरिस तीन-चार दिवसांच्या सुट्टीसाठी ठेवा. मिलानसारख्या शहरात राहून वीकेंडला विमानतळाकडे धावायचं हे मला पटतच नाही. सेंत्राले स्टेशनहून साधी प्रादेशिक गाडी कोमो सरोवराच्या कडेने अडीच तासांत तिरानोला नेते. तिथून लाल रंगाची बेर्निना गाडी डोंगर चढू लागते: गोल फिरणारा पूल, मग हिमनद्या, आणि साधारण अडीच तासांनी सेंट मॉरिट्झ. हा मार्ग २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. मोठ्या काचांची पर्यटकांची गाडी महाग असते आणि तिला आरक्षण लागतं. त्याच रुळांवर साधी गाडीही धावते, आणि तिच्या खिडक्या उघडतात. फोटो काढणाऱ्यांना तीच बरी. रात्री तिरानोत राहा, स्वित्झर्लंडमध्ये नको, खिसा वाचेल.

सेंट मॉरिट्झ म्हणजे दुसरा देश, हे विसरू नका. चौघांपैकी कुणाचा व्हिसा संपून पेर्मेस्सोचं (इटलीच्या वास्तव्य परवान्याचं) कार्ड यायचं असेल आणि हातात फक्त पोस्टाची पावती असेल, तर ती पावती इटलीबाहेरच्या शेंगेन देशात चालत नाही. त्याच्यासाठी तरी तोरिनो किंवा जेनोव्हा करा.

माझी मुलगी फ्रान्समध्ये ल्योंला शिकते. दर शुक्रवारी निराळ्याच देशातला फोटो येतो. आम्ही नाशिकला बसून काळजी करतो. हिचा अभ्यास, पैसे, सुरक्षितता याचं काय? – एक आई

अभ्यासाचं उत्तर तिचे जानेवारीचे निकाल देतील, माझ्याकडे नाही. पैशांचं म्हणाल तर रात्रीच्या बसने जाऊन हॉस्टेलच्या आठ खाटांच्या खोलीत राहणारी मुलं तुम्हाला वाटतं त्याहून कमी खर्चात फिरतात. काही गोष्टी तर फुकट असतात. युरोपीय संघात वास्तव्याचा परवाना असलेल्या, सव्वीस पूर्ण न झालेल्या मुलांना पॅरिसच्या लूव्रमध्ये तिकीट लागत नाही, पासपोर्ट कुठलाही असो; वेळ तेवढी आधी राखून ठेवावी लागते. लक्झेंबर्ग देशात २०२० पासून बस, ट्राम, ट्रेन सगळं सगळ्यांना मोफत आहे.

सुरक्षिततेबद्दल मी शहरांपेक्षा वेळेला जास्त घाबरते. स्वस्त बस पहाटे साडेतीनला शहराबाहेरच्या थांब्यावर उतरवते, हॉस्टेल दुपारी दोनपर्यंत खोली देत नाही, आणि मधले साडेदहा तास मुली स्टेशनवर सॅकला टेकून काढतात. तिला एवढंच सांगा, की पोचण्याची वेळ उजेडाची बघून तिकीट काढ, दहा युरो जास्त गेले तरी चालतील.

दुसरी भीती खिसेकापूंची. बार्सिलोनाची मेट्रो आणि ला रांब्ला, रोमची ६४ नंबरची बस, प्रागची २२ नंबरची ट्राम ही त्यांची जुनी ठिकाणं. मोबाइल गेला तर रडून नवा घेता येतो. पासपोर्ट गेला तर भारतीय दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो, पण ते भारतात परतण्यापुरतंच असतं. शिक्षण सुरू ठेवायचं तर नवा पासपोर्ट आणि पुन्हा परवान्याची धावपळ. म्हणून पासपोर्ट कपड्यांच्या आतल्या पाकिटात ठेवायचा आणि हॉस्टेलच्या कपाटाला लावायला स्वतःचं कुलूप न्यायचं. तुम्ही तिच्याकडून तीन गोष्टी मागून घ्या: बस किंवा गाडीचा क्रमांक, मुक्कामाचा पत्ता, बरोबरच्या एका मैत्रिणीचा फोन. मग तासातासाला फोन करू नका. संपूर्ण युरोपीय संघात आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे, तो तिला पाठ असू द्या.

शुद्ध शाकाहारी आहे. बेल्जियममध्ये फक्त फ्राइज खाऊन राहिलो तर चालेल ना?

नेमकं तिथेच फसशील. बेल्जियममध्ये फ्राइज परंपरेने गोमांसाच्या चरबीत तळतात. बऱ्याच ठिकाणी आता वनस्पती तेल असतं, पण विचारूनच घे. इटलीतल्या पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं, दूध साकळवणारं रेनेट असतं, ते पानावर भुरभुरण्याआधीच सांगावं लागतं. कुठल्याही शहरात केबाबच्या दुकानात फलाफल मिळतं, आणि हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात गरम पाणी. भडंग, मेतकूट आणि दशम्यांना सीमा नसते. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच ब्रेड-फळं घे. मोठ्या स्टेशनातली दुकानं मात्र उघडी असतात.

सहा जण गेलो, परत येईपर्यंत दोघांचं बोलणं बंद. पैशांवरून. पुढच्या वेळी काय करू?

ट्रेकला काय करता? आधी वर्गणी, एकाकडे पाकीट, उरले तर परत. इथेही तेच. ॲपवर हिशोब मांडला की सतरा युरो चाळीस सेंटची आठवण सेमिस्टरभर चालते. सहाऐवजी पाच जा. जर्मनीत बव्हेरियातल्या बायर्न-टिकेटसारखं गटाचं तिकीट पाचांपर्यंतच असतं, सहाव्याने वेगळं काढलं की तिथूनच कुरबुर सुरू होते. आणि जो ऐन वेळी रद्द करतो त्याने आपल्या खाटेचे पैसे द्यायचे, हे निघण्याआधी सगळ्यांनी ग्रुपवर 'हो' म्हणून लिहायचं.

कोल्हापूरची आहे. दोनच दिवस फ्लॉरेन्सला जातेय. डुओमो (कॅथेड्रल), उफिझी (कलादालन) सोडून काय बघू?

तुला तर एक जागा सांगायलाच हवी. उफिझी सोमवारी बंद असते, ती शनिवारी उरक. रविवारी सकाळी आर्नो नदीच्या काठच्या कास्चिने बागेत जा आणि चालत राहा, अगदी पश्चिम टोकापर्यंत, जिथे मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो. तिथे एक छत्री आहे, खाली एका तरुणाचा फेट्यातला अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज. इंग्लंडचा दौरा करून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं, वय फक्त वीस. परवानगी घेऊन याच संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये स्मारक झालं. त्याची रचना चार्ल्स मँटची, तुझ्या गावचा न्यू पॅलेस ज्याने आखला त्याच्याच हातची. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला 'इंदियानो' म्हणतात, आणि जवळच्या मोठ्या पुलाचं नावही त्यावरूनच पडलं.

टी-१ ट्रामने बागेपर्यंत जाता येतं, पण तिथून स्मारक बरंच लांब आहे आणि वाटेत खायला फारसं काही नाही. पाणी आणि दोन केळी जवळ ठेव. परतीची गाडी सहाची असेल तर तीनला मागे वळ.