ठाणे-नवी मुंबईत डिझाइन, तंत्रज्ञान आणि शहर तिन्ही हाताळणारा छोटा प्रायोगिक स्टुडिओ काढायचा आहे. आधी कोणती सॉफ्टवेअर शिकू आणि सीएनसी मशीन घेऊ का?

ग्रासहॉपर (आकड्यांवरून आकार काढणारं) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं). सीएनसी, म्हणजे फाइलवरून आपोआप कापणारं मशीन, घेऊ नका, एमआयडीसीत शीटवर किंवा तासावर कापून देणारे मिळतात. उत्तर संपलं. पण आधी सॉफ्टवेअर, मग मशीन, मग शहर हा तुमचा क्रम थेट माझ्या जुन्या भागीदाराचा आहे, आणि तो वाद माझ्या बाजूने अजून मिटलेला नाही.

नेरूळच्या एका सोसायटीला गेटच्या आत बाक हवा होता. १८ मिमी प्लायच्या उभ्या फासळ्या, त्यांना धरणाऱ्या आडव्या पट्ट्या, स्क्रू नाहीत, नुसत्या खाचा. भागीदाराने फाइलमध्ये खाच १८ मिमीची ठेवली, कारण बिलावर १८ लिहिलेलं. मी जाडी मोजायचा कॅलिपर काढला तर म्हणाला, "फाइल परफेक्ट आहे, बाकीचं फॅब्रिकेटर बघेल." फॅब्रिकेटरने, म्हणजे कापून देणाऱ्याने, आलेली फाइल मुकाट कापली. जोडलेला बाक जुन्या बाजेसारखा करकरायला लागला.

१८ चा म्हणून मिळणारा प्लाय बऱ्याचदा १७.२ ते १७.८ भरतो, आणि एकाच गठ्ठ्यातल्या दोन शीट सारख्या निघतीलच असं नाही. अर्ध्या मिमीची ढिलाई एका जोडात कळत नाही. तीसेक फासळ्यांत ती साठत जाते आणि अख्खा बाक कुशीवर झुकतो. म्हणून शीट आली की चारही कडांना कॅलिपर लावा आणि तिच्याच टाकाऊ पट्टीत एक कंगवा कापून घ्या: १७.२ पासून १८ पर्यंत, दर ०.२ मिमीला एक खाच, शेजारी आकडा कोरलेला. प्लायचा तुकडा ज्या खाचेत हाताच्या दाबाने बसतो आणि उलटा धरला तरी पडत नाही, ती तुमची खाच. हातोडी लागली तर ती घट्ट आहे, पावसाळ्यात प्लाय फुगला की तिथेच चीर जाणार. ग्रासहॉपरचा खरा उपयोग हा. जाडीला एक स्लायडर द्यायचा, आकडा हलवला की सगळ्या खाचा हलल्या. आमच्याकडे त्याच ग्रासहॉपरमध्ये बाकाच्या पाठीला लाटा काढणं चाललं होतं.

फाइलच्या बाकीच्या भानगडी पटकन सांगतो. राउटर म्हणजे फिरत्या पात्याने, बिटाने, कापणारं सीएनसी. ६ मिमीचा बिट आतल्या कोपऱ्यात ३ मिमीची गोलाई सोडतो, त्यामुळे फासळी तळाला टेकत नाही. कोपऱ्यात डॉगबोन, म्हणजे थोडं बाहेर जाणारं गोल भोक, काढून द्या. डीएक्सएफमध्ये, म्हणजे कापायला पाठवायच्या फाइलमध्ये, १०० मिमीचा एक चौकोन ठेवा, मिमी-इंचाचा घोळ कापण्याआधी दिसतो. स्प्लाइन (मुक्त वळणाच्या रेषा) तशाच पाठवल्या तर त्यांचे हजारो बारीक तुकडे होतात, राउटर दचकत चालतो आणि कडेला पायऱ्या उमटतात. आधी त्यांचे आर्क, म्हणजे वर्तुळाचे तुकडे, करून घ्या. एकावर एक पडलेल्या रेषा पुसा, नाहीतर बिट तीच वाट पुन्हा चालून कड जाळतो. २४४० बाय १२२० च्या शीटला कडेने २० मिमी क्लॅम्पसाठी सोडा. छोट्या तुकड्यांना टॅब, म्हणजे शीटला धरून ठेवणारे न कापलेले दुवे, हवेतच, सुटा तुकडा बिटात सापडला की उडतो.

आता पाऊस. एमआर (फक्त ओल सोसणारा) प्लाय बाहेर टिकत नाही, दुकानदार काहीही म्हणो. आयएस ७१० चा मरीन घ्या. शिक्क्यावर भरवसा नसेल तर तुकडा पातेल्यात उकळायला ठेवा. मानकातली उकळण्याची चाचणी ७२ तासांची आहे, पण शिक्का सपशेल खोटा असेल तर थर त्याच्या बरेच आधी सुटतात. पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतून, म्हणून पॉलिश जोडणीआधी, खाचेच्या आतूनसुद्धा. बाक पेव्हर ब्लॉकवर थेट टेकवू नका, खाली ५० मिमी मोकळं ठेवा. कुठे बोल्ट लागलेच तर खाडीच्या हवेत जीआयचे (जस्त चढवलेले) लवकर गंजतात, स्टेनलेस स्टील ३१६ परवडत नसेल तर निदान ३०४. फासळ्यांमधली फट ८ ते २५ मिमीच्या मध्ये नको, मुलांची बोटं अडकतात.

भागीदाराला बाकात सेन्सर आणि दिवेही हवे होते. सेन्सर बाकात घालू नका, नाल्यावर लावा. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल, भराव टाकलेल्या जमिनीवर आहे. भरतीत नाल्याच्या तोंडाची झडपेची दारं मिटतात, पावसाचं पाणी धारण तलावात (ते साठवायला केलेल्या तळ्यात) थांबतं आणि ओहोटीला खाडीत जातं. तलाव गाळाने भरले, आत कांदळवन उगवलं, ते काढायला हायकोर्टाची परवानगी लागते, आणि पाणी सेक्टरमध्ये येतं. नाल्याची पातळी आणि भरतीची वेळ एका आलेखावर ठेवलीत तर तुमच्या गल्लीत पाऊस तुंबतो की खाडी, हे दिसतं. आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा जलरोधक अल्ट्रासॉनिक सेन्सर, ईएसपी३२ (छोटा संगणक-बोर्ड), आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर लोरा (लांबवर आकडे पाठवणारा रेडिओ), या पट्ट्याला परवाना लागत नाही. सेन्सरला २०-२५ सेंमीच्या आतलं दिसत नाही, म्हणून पुराच्या पातळीच्या अर्धा मीटर तरी वर लावा आणि भिंतीपासून दूर, नाहीतर तो भिंतच मोजतो. आवाजाचा वेग दर अंशाला ०.६ मीटर प्रति सेकंद बदलतो. दोन मीटर अंतरावर दहा अंशांचा फरक म्हणजे साडेतीन सेंमीची चूक, तेव्हा तापमापक सोबत हवाच.

आणि "प्रायोगिक" म्हणजे वाकडा आकार असं ज्यांना वाटतं, त्यांनी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये टेप घेऊन फिरावं. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी केलेली वसाहत. सात घरांमध्ये ८ बाय ८ मीटरचं अंगण, असे तीन गट मिळून १२ बाय १२ चं. घरांना सामाईक भिंत नाही, म्हणून प्रत्येकाला आपलं घर शेजाऱ्याला न विचारता वाढवता आलं. आज मूळ घरं ओळखूही येत नाहीत इतकी बदललीत. हा प्रयोग फसला असं भागीदार म्हणायचा, मी म्हणतो तो चाललाय.

क्यूजीआयएसमध्ये ओपनस्ट्रीटमॅप उतरवून शहर कळत नाही, त्यात फुटपाथची रुंदी क्वचितच सापडते. आयआरसी १०३, म्हणजे पादचारी सोयींचं भारतीय मानक, किमान १.८ मीटर मोकळी चाल मागतं. झाड, फीडर पिलर (विजेची पेटी) आणि टपरी वजा करून किती उरते ते स्वतः मोजा.

राहिलेल्या गोष्टी. सोसायटीच्या हद्दीत बाकाला कमिटीचा ठराव पुरतो, पण नाला महापालिकेचा आहे, लेखी परवानगीशिवाय सेन्सरची डबी लावलीत तर ती काढून नेतील. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय पाटीवर आर्किटेक्ट लिहू नका. वरचे प्लायचे आकडे राउटरचे आहेत, लेझरला लागू नाहीत. आणि कंगवा, वाया गेलेली शीट, नमुना यांचे पैसे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत टाका. डिझाइन फीमध्ये मिसळलेत तर घासाघीस सुरू झाली की आधी तेच कापले जातात.