बाबांची बदली टेक्सासला, मुलीची टीम न्यू जर्सीत

प्रश्न : आम्ही चौदा वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी ऑक्टोबर २०११ची, यंदा आठवीत आहे. पाच वर्षांची असल्यापासून सॉकर खेळते. गेली तीन वर्षं ईसीएनएलच्या, म्हणजे देशपातळीवरच्या क्लब लीगमधल्या, टीममध्ये मिडफिल्डला आहे. मिस्टरांची बदली डॅलसजवळ फ्रिस्कोला झाली आहे आणि जुलैत रुजू व्हायचं आहे. मुलगी म्हणते, टीम सोडणार नाही. त्यांनी पुढे जावं आणि मी व मुलीने कॉलेजचे कोच बघायला लागेपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, इथेच राहावं असं मनात आहे. टेक्सासचं सॉकर इथल्यापेक्षा फार पुढे आहे म्हणतात. तिथे ती बेंचवर बसली तर? खरं तर गेल्या फॉलमध्ये तिला इथेही धड खेळायला मिळालं नाही. काय करावं?

उत्तर : ताई, आधी उत्तर सांगते, कारणं मागून. दोन घरं करू नका. याच उन्हाळ्यात तिघंही बरोबर जा.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. फॉलमध्ये तिला खेळायला का मिळालं नाही? गेली आठ-नऊ वर्षं अमेरिकेत क्लबचे वयोगट जानेवारी ते डिसेंबर असे धरतात. त्यामुळे तुमची ऑक्टोबरची मुलगी २०११च्या गटात सगळ्यात लहान मुलींपैकी. तिच्या टीममधल्या बहुतेक मुली शाळेत तिच्या एक वर्ष पुढे, नववीत. न्यू जर्सीत हायस्कूलचा सॉकर सीझन सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो. त्या मुली शाळेच्या टीममध्ये गेल्या, क्लबचे सामने थांबले आणि तुमची आठवीतली मुलगी मधल्या मध्ये राहिली. क्लबच्या भाषेत याला ‘ट्रॅप्ड प्लेअर’ म्हणतात. तिच्या खेळात काही कमी नव्हतं. जन्मतारीख आणि राज्याचं वेळापत्रक यांचा मेळ बसला नाही, एवढंच.

हे तिला आजच सांगा. कारण त्या तीन महिन्यांत आपण मागे पडलो असं तेरा-चौदा वर्षांची मुलगी मनात धरून बसते, बोलत मात्र नाही.

आता २०२६-२७च्या सीझनपासून वयोगटाची रेघ १ ऑगस्टला सरकते आहे. ऑगस्ट २०११ ते जुलै २०१२ असा तिचा गट होईल, म्हणजे साधारण तिच्याच वर्गातल्या मुली. ईसीएनएललाही हाच बदल लागू आहे. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जी टीम ती सोडणार नाही म्हणते, ती टीम येत्या ऑगस्टनंतर तशी राहणारच नाही. जानेवारी ते जुलैच्या मुली वरच्या गटात जातील, ऑगस्ट ते डिसेंबरच्या खाली राहतील. कोच एखादीला वरच्या गटात खेळवू शकतो, नाही असं नाही, पण मुळात टीम फुटणार आहे. आणि हे एडिसनला घडतंय तसंच फ्रिस्कोलाही घडतंय. एरवी नवव्या इयत्तेत नव्या राज्यात जाणारी मुलगी जमलेल्या टीममध्ये एकटी उपरी असते. यंदा सगळ्याच टीम नव्याने जुळतायत. असा उन्हाळा पुन्हा लवकर येणार नाही. दोन वर्षं थांबून अकरावीच्या तोंडावर गेलात, तर मात्र ती खरोखरच उपरी ठरेल.

टेक्सास पुढे आहे का, हे विचारलंत. मुलींच्या सॉकरमध्ये डॅलसचा पाया जुना आहे, हे खरं. डॅलस स्टिंग नावाच्या क्लबची मुलींची टीम १९८४ साली चीनमध्ये शिआनला आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून आली, तेव्हा अमेरिकेच्या महिला राष्ट्रीय संघाने पहिला सामनाही खेळलेला नव्हता. तो झाला १९८५ साली, इटलीत. स्टिंगमध्ये खेळलेली कार्ला ओव्हरबेक पुढे १९९९चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची कर्णधार झाली. पण न्यू जर्सी काय कमी आहे? तुमच्या शेजारच्या ईस्ट ब्रन्सविकची हेदर ओ’रायली, तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं. डेल्रानची कार्ली लॉइड, जिने २०१५च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जपानविरुद्ध पहिल्या सोळा मिनिटांत तीन गोल केले. तेव्हा पुढे-मागे हा प्रश्न सोडून द्या. फरक आहे, पण तो दुसरीकडे आहे.

पहिला फरक कॅलेंडरचा. टेक्सासमध्ये शाळेचे सामने जानेवारीत सुरू होतात आणि एप्रिलमध्ये राज्याची अंतिम फेरी होते. म्हणजे फॉल अख्खा क्लबचा. देशभर हे असंच वेगवेगळं आहे. कॅलिफोर्नियात हिवाळ्यात, जॉर्जियात वसंतात, आणि नॉर्थ कॅरोलिनात तर मुलगे फॉलमध्ये खेळतात आणि मुली वसंतात. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या आईवडिलांची पहिल्या वर्षी जी धांदल उडते, ती बहुतेक याच गोष्टीने. टेक्सासच्या पब्लिक स्कूलमध्ये शाळेच्या वेळापत्रकातच खेळाचा तास असतो, त्यामुळे तिची शाळेची प्रॅक्टिस बरीचशी दिवसा उरकेल. शिवाय जुन्या शाळेच्या टीममधून खेळलेली मुलगी नव्या शाळेत आली, की आधीच्या खेळाची माहिती देणारा एक फॉर्म भरावा लागतो. तो आल्या आल्या शाळेच्या कोचकडून मागून घ्या. वडिलांच्या बदलीमुळे घर हललंय, त्यामुळे अडचण येऊ नये, पण फॉर्म राहिला म्हणून व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य टीममध्ये, खेळायचं थांबलं असं नको.

दुसरा फरक अंतराचा, आणि तो तुमच्या शनिवार-रविवारवर येऊन पडेल. न्यू जर्सी तीन तासांत संपतं. पेनसिल्व्हेनिया, लाँग आयलंड, कनेटिकट धरलं तरी बहुतेक सामने सकाळी निघून संध्याकाळी घरी येण्यासारखे. टेक्सासमध्ये ईसीएनएलचे सामने ह्यूस्टन, ऑस्टिन, सॅन अँटोनियोलाही असतात. डॅलस ते ह्यूस्टन म्हणजे साधारण मुंबई ते कोल्हापूर. मात्र डॅलसच्या आसपास तगडे क्लब इतके आहेत की बरीच चुरस घराजवळच मिळते. कोलोरॅडो-युटाहकडे राहणारे आईवडील मला फोन करतात, तेव्हा त्यांची निम्मी तक्रार विमानाच्या तिकिटांची असते. तुमच्यावर ती वेळ नाही.

तिसरा हवेचा. याकडे आपले लोक कमी बघतात, म्हणून जरा थांबून सांगते. एडिसनला मार्चच्या प्रॅक्टिसला तुम्ही ब्लँकेट गुंडाळून, थर्मासमधला चहा घेत गाडीत बसता. डिसेंबर ते फेब्रुवारी पोरी हॉलमध्ये फुटसाल खेळतात. जागा लहान, बॉल जड आणि कमी उसळणारा. त्याने पहिला स्पर्श सुधारतो. मिडफिल्डच्या मुलीला हे हिवाळे फुकट गेलेले नाहीत, तिथे गेल्यावर तिच्या पायात ते दिसेल. आणि बर्फामुळे शरीराला आपोआप विश्रांतीही मिळते. डॅलसमध्ये बाराही महिने मैदान उघडं. ऑगस्टमध्ये सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर प्रॅक्टिस, दर थोड्या वेळाने पाण्याची सुट्टी. फॉलमध्ये क्लब, मग शाळा, मग पुन्हा क्लब, मग उन्हाळ्यातले कॅम्प. न्यू जर्सीत सुट्टी बर्फ देतो, तिथे ती तुम्हाला मागून घ्यावी लागेल. या वयात मुलींच्या गुडघ्याचे लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. वर्षातून दोनदा तीन-चार आठवडे सॉकर पूर्ण बंद ठेवा. कोच नाराज झाला तरी चालेल.

आता बेंचची भीती. ती रास्त आहे, आणि इथे मी स्वतः एकदा चुकले आहे. काही वर्षांपूर्वी असंच राज्य बदलणारं एक मराठी कुटुंब माझ्याकडे आलं. दोन क्लबमधून निवड करायची होती. एक मोठ्या लीगमधला, दुसरा एक पायरी खालचा. मी लीगचं नाव बघून पहिला सांगितला. मुलगी त्या टीममध्ये सतरावी-अठरावी होती. सामन्याला चार-चार तास गाडी, आणि खेळायला दहा मिनिटं. तिच्या आईने मला एकदा सांगितलं, “कपडे धुवायला टाकताना कळतं हो. सॉक्स घातले होते तसेच स्वच्छ परत येतात.” वर्षभराने त्यांनी दुसरा क्लब धरला तेव्हा मुलीचा सूर परत लागला, पण ते वर्ष गेलंच. तेव्हापासून मी कुणालाही आधी लीग विचारत नाही, मैदानावरची मिनिटं विचारते.

म्हणून फ्रिस्कोला कोचशी बोलताना संकोच करू नका. टीममध्ये किती मुली घेणार, तिच्या जागेवर आधीच किती जणी आहेत, नवीन आलेल्या मुलीला तुम्ही साधारण किती खेळवता, आणि हाच कोच पुढच्या वर्षी असणार का, हे सगळं विचारा. आपल्याकडे कोचला असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं. वर्षाला काही हजार डॉलर फी आणि प्रवासाचा खर्च वेगळा असताना ते विचारणं तुमचं कामच आहे. ईसीएनएल २००९ साली मुलींसाठी सुरू झाली आणि तिथे कॉलेजचे कोच येतात, हे खरं. पण ते बेंच बघायला येत नाहीत.

कॉलेजच्या बाबतीत तारीख लक्षात ठेवा. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची संघटना. तिच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या, विभागातले कोच दहावी संपल्यावर, १५ जूनपासून मुलींशी थेट संपर्क करू शकतात. तुमच्या मुलीसाठी ती तारीख १५ जून २०२८. म्हणजे आत्ता गेलात तर नव्या जागी रुळायला दोन वर्षं हातात आहेत. तुमच्या बेताप्रमाणे गेलात तर नेमक्या त्याच उन्हाळ्यात सामान बांधत असाल.

आणि स्कॉलरशिपचा हिशोब स्वच्छ मांडते, कारण पत्रात तुम्ही तो शब्द लिहिला नसला तरी दोन घरांच्या भाड्यामागे तोच असावा. हायस्कूलमध्ये सॉकर खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी साधारण सात-आठ जणी एनसीएएच्या कुठल्या ना कुठल्या विभागात पोचतात, पहिल्या विभागात दोन-तीन. तिसऱ्या विभागात आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. तिथे खेळ प्रवेशाला मदत करतो, फीला नाही. पहिल्या विभागातही पूर्ण फी माफ होणाऱ्या थोड्या, बाकीच्यांच्या वाट्याला तुकडे. दोन वर्षं दोन घरांचं भाडं, विमानाची तिकिटं, हे बाजूला काढून बघा. ते पैसे तिच्या कॉलेजच्या खात्यात सरळ टाकलेत तर जास्त खात्रीचे.

अभ्यासाची बाजू तर जायच्याच पारड्यात आहे. टेक्सासच्या हायस्कूलमधून वर्गाच्या वरच्या दहा टक्क्यांत पास झालेल्यांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्साससाठी ही मर्यादा आता पाच टक्के आहे. फ्रिस्को-प्लेनोच्या शाळांत हुशार मुलांची गर्दी आहे, तेव्हा पाच टक्के सोपं नाही. पण नववीपासून तिथे असणं आणि अकरावीत दुसऱ्या राज्यातले मार्क घेऊन दाखल होणं, यात फार फरक पडतो. राज्याची रहिवासी म्हणून फी कमी, ते वेगळंच.

ताई, एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नव्हती, ती विचारते. तिला बाबा दोन वर्षं घरात नसणं चालेल का? एडिसनला सामन्यांना तिला नेतं कोण, परत येताना गाडीत तिच्याशी बोलतं कोण? हे तिला विचारलंत का? मला वाटतं, टीम सोडणार नाही म्हणते तेव्हा ती मैत्रिणींबद्दल बोलते आहे, सॉकरबद्दल नाही. ते दुःख खरं आहे, त्याला मान द्या. शेवटच्या सामन्यानंतर सगळ्या टीमला घरी जेवायला बोलवा.

मे महिन्यात घर बघायला जाल तेव्हा तिला बरोबर न्या. ट्रायआउट, म्हणजे निवड चाचण्या, बहुतेक ठिकाणी त्याच सुमाराला असतात. आधी दोन-तीन क्लबच्या कोचना तिच्याच नावाने ईमेल जाऊ दे, चार ओळींचा : जन्मतारीख, जागा, सध्याची टीम, सामन्याच्या व्हिडिओची लिंक आणि एका प्रॅक्टिसला येऊ का एवढाच प्रश्न. मजकूर तिने लिहावा, तुम्ही फक्त वाचा. फ्रिस्कोला एफसी डॅलसच्या स्टेडियममध्येच नॅशनल सॉकर हॉल ऑफ फेम आहे, एक दुपार तिथे काढा. आणि एका संध्याकाळी तिला मैदानावर उतरू द्या, तुम्ही दोघं गाडीतच बसा. परत आल्यावर कशी झाली प्रॅक्टिस हे लगेच विचारू नका, भूक लागली का ते विचारा. मग ती आपणहून जे सांगेल, ते मला लिहून कळवा. क्लबचं तेव्हा ठरवू.