जुन्या पेट्रोल पिकअपला पॉइंट, कॉइल, प्लग कंपनीचे घ्यावेत की लोकल? की सरळ इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी महिंद्राची एफसी (केबिनमध्येच इंजिन असलेली जुनी पिकअप) आहे, पेट्रोल, पॉइंटवाली, म्हणजे कॉइलचा करंट जोडून-तोडून स्पार्क पाडणारी टोकं असलेली. निपाणीहून माल भरून निघालात की चढाला मिसिंग मारते आणि मिस्त्री म्हणतो, सगळा इग्निशन सेट एकदम बदलून टाका. कंपनीचा घ्यावा की लोकल, आणि पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक बसवावं का, एवढंच तुम्हाला विचारायचंय. पण "सगळा सेट बदला" हे वाचलं आणि मला गप्प बसवेना. याच वाक्यावरून आमच्या घरात आप्पा (माझे वडील) आणि दाजी यांच्यात जे सुरू झालं, ते आप्पा गेल्यावरही मिटलेलं नाही.

आधी माझं मत सांगून टाकतो. एक रुपया खर्च करण्याआधी डिलकोचा (प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा) शाफ्ट हलवून बघा. कॅप काढा, रोटर काढा, शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा ढकला. तो खटखट हलत असेल तर कुठल्याही कंपनीचा पॉइंट घाला, चढाला मिसिंग जाणार नाही. या इंजिनाला पॉइंटचा गॅप 20 थाउ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) झिजलं की शाफ्ट डुलतो, आणि तुम्ही बांधलेला 20 चा गॅप एका सिलिंडरला 15 होतो, दुसऱ्याला 25. गॅप वाढला की स्पार्क लवकर पडतो, कमी झाला की उशिरा. म्हणजे एकाच इंजिनात चार सिलिंडरला चार टायमिंग. रिकाम्या गाडीत ते जाणवतही नाही. लोड घालून चढाला लागलात की लगेच कळतं. नवा सेट घातल्यावर चार दिवस गाडी बरी वाटते आणि पुन्हा तेच, असं ज्यांचं होतं त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं इथं असतं.

आता आमची गोष्ट.

आमचीही एफसीच. आप्पा खानापूर तालुक्यातून तिच्यात भाजी भरून गोव्याला न्यायचे. कोबी, ढबू, बटाटा. रस्ता जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला घाट. त्या भागातला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. एका वर्षी पाऊस लागायच्या सुमाराला गाडी मिसिंग मारायला लागली. तेव्हा दाजी घरी आलेले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, गडहिंग्लजचे. त्यांनी गाडी चालवून बघितली आणि दुसऱ्या दिवशी बेळगावला जाऊन सगळा सेट घेऊन आले. कॉइल, कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर, प्लग, वायर, सगळं डबाबंद आणि शिक्क्याचं. पैसेही त्यांनीच भरले.

आप्पा म्हणाले, "पावणं, आधी जुनं काय बिघडलंय ते बघूया की."

"मामा, किती दिवस जुन्यावर काढणार? एकदा सगळं बदला आणि मोकळं व्हा."

जावयापुढं आप्पा काय बोलणार? सेट बसला. गाडी एका चावीत सुरू झाली, आवाज साफ, उचलायलाही लागली. दाजींचा चेहरा फुलला. आप्पांनी मात्र काढलेली जुनी कॉइल कापडात गुंडाळून सीटखाली ठेवली. तेही दाजींना आवडलं नाही.

पुढच्याच खेपेला दाजी सोबत आले. फुल्ल लोड, रात्र, पाऊस धो धो. जांबोटी सोडली आणि कणकुंबीच्या अलीकडे गाडीनं आधी धक्के दिले, मग फटफट केलं आणि बंद पडली. एफसीला एक बरं आहे, इंजिनावरचं झाकण केबिनच्या आतूनच उघडतं, भिजावं लागत नाही. आप्पांनी झाकण काढलं, मी बॅटरी (टॉर्च) धरली. दाजी म्हणाले, पाणी गेलं असणार कॅपमध्ये. कॅप उघडली तर आत कोरडी ठाक. आप्पांनी पॉइंट उघडून बॅटरी जवळ आणायला सांगितली. एका टोकावर बारीक टेंगूळ आलेलं, समोरच्या टोकात तेवढाच खड्डा, कडेला निळसर काळं. नव्या पॉइंटची ही अवस्था. मग त्यांनी कॉइलला हाताची मागची बाजू लावली आणि झटक्यात काढली.

"पावणं, जरा हात लावून बघा."

दाजींनी बोट टेकवलं आणि मागं घेतलं. कॉइलच्या तोंडाशी आतलं तेल पाझरलेलं दिसत होतं.

आप्पांनी सीटखालची जुनी कॉइल काढून जोडली. पॉइंट बारीक कानशीनं घासून सपाट केले, चिंधीनं पुसले, खिशातलं फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) काढून गॅप बांधला. गाडी सुरू झाली. म्हापशाच्या बाजारात पोचेपर्यंत सकाळ उलटून गेली होती आणि भाव पडला होता, ते वेगळं.

घरी आल्यावर मी दोन्ही कॉइलला मीटर लावला. जुनी प्रायमरीला (बॅटरीचा करंट जातो त्या आतल्या गुंडाळीला) 3 ओहम, नवी 1.5. सगळी भानगड एवढ्यातच होती. 1.5 ओहमची कॉइल बॅलास्ट रेझिस्टरसोबत (करंट कमी करायला बाहेरून जोडलेल्या रेझिस्टरसोबत) चालवायची असते, आणि आमच्या गाडीला बॅलास्ट नाही, थेट 12 व्होल्ट. 3 ओहमच्या कॉइलला पॉइंट मिटलेले असताना साधारण 4 अँपिअर जातात, 1.5 ला 8. तेवढा करंट रोज तोडायला ते पॉइंट केलेलेच नसतात. सुरुवातीला गाडी झकास पळाली तीही याच कारणानं. करंट जास्त म्हणून स्पार्क जोरात, आणि त्या जोरानंच पॉइंट आणि कॉइल दोन्ही खाल्ले. आता चूक कुणाची? कॉइल चांगलीच होती, दुसऱ्या गाडीसाठी. 12 व्होल्टची कॉइल मागितली म्हणून काउंटरवरच्या माणसानं 12 व्होल्टची दिली.

दाजी आजही म्हणतात, "तो पीस खराब निघाला." नाही. पीस खराब नव्हता, पीस चुकीचा होता, आणि या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. पीस खराब म्हटलं की तसलीच दुसरी आणून जोडता आणि तीही जळते.

मिसिंगचं मूळ त्या सेटमध्ये नव्हतंच. आप्पांनी डिलको काढून उद्यमबागेत नेला. तिथल्या एका टर्नरनं जुनं बुश ठोकून काढलं, गनमेटलचं नवं बनवून बसवलं, शाफ्टच्या मापानं रीम करून दिलं. टर्नर कन्नड बोलणारा, आप्पांना कन्नड कामापुरतं, पण दोघांचं थाउमध्ये व्यवस्थित जमलं. दाजींनी आणलेल्या सेटच्या मानानं खर्च अगदी किरकोळ. त्यानंतर जुन्याच कॉइलवर गाडी वर्षानुवर्षं चोर्ला चढली. बेळगावात राहून डिलकोचं बुश करून मिळत नाही असं कुणी म्हणालं तर त्यानं शोधलेलंच नाही. फाउंड्री आणि लेथवर उभं राहिलेलं शहर आहे हे.

आणि तरी लग्नाकार्यात जेवणाच्या पंगतीला हेच ऐकू येतं की मामा चिकट, नवा पार्ट घ्यायला जीव जायचा. आप्पा चिकट नव्हते. पेट्रोलला, टायरला, इंजिन ऑइलला त्यांनी कधी हात आखडला नाही. पार्ट मोजल्याशिवाय फेकायचा नाही आणि मोजल्याशिवाय घ्यायचाही नाही, एवढीच त्यांची शिस्त. पंगतीतल्या त्या बोलण्याचा मला अजून राग आहे, म्हणून इतकं लिहिलं.

तर तुमच्या पार्टांचं. कॉइल घेताना छोटा मल्टिमीटर खिशात ठेवा आणि दुकानातच प्रायमरीची दोन टोकं मोजा. बॅलास्ट नसेल तर 3 च्या आसपास हवी. पुष्कळ कॉइलांवर बारीक अक्षरांत बाहेरचा रेझिस्टर लावा असं छापलेलंही असतं, वाचत कुणी नाही. कंपनीची की लोकल हे त्यानंतर.

पॉइंट आणि कंडेन्सर मात्र नाव असलेलाच घ्या, इथं लोकलच्या नादी लागू नका. स्वस्त पॉइंटची कॅमला घासणारी टाच भराभर झिजते, गॅप मिटत जातो आणि टायमिंग मागं पडतं. टाचेला चिमूटभर ग्रीस लावा, नवा असो वा जुना. कंडेन्सर चालू असेल तर पॉइंटसोबत उगाच बदलू नका. हल्लीचे नवे कंडेन्सर डब्यातूनच मेलेले निघतात, माझा तरी त्यांच्यावर भरवसा नाही. मीटरला कपॅसिटन्स असेल तर 0.2 ते 0.25 मायक्रोफॅरडच्या आसपास दिसायला हवं. चांगला निघालेला जुना कंडेन्सर गाडीत सांभाळून ठेवा.

कॅप आतून बघून घ्या, टोकं पितळी हवीत. आपल्याकडच्या ओल्या हवेत ॲल्युमिनियमच्या टोकांवर पांढरी पूड धरते. जुन्या कॅपमध्ये दोन टोकांमध्ये केसासारखी काळी रेघ दिसली तर करंट तिथून पळतोय, ती कॅप गेली. घासून उपयोग नाही. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींकडे बघा, निळ्या ठिणग्या कुठून फुटतात ते दिसेल. पॉइंटवाल्या गाडीला तांब्याच्या वायरी चालतात.

प्लगचा नंबर दुकानदाराच्या तोंडचा घेऊ नका. बॉशला (म्हणजे आपली जुनी मायको, 2008 पासून बॉश) आणि चॅम्पियनला आकडा वाढला की प्लग गरम, एनजीकेला आकडा वाढला की थंड. "थोडा मोठा नंबर आहे, चालतंय" या वाक्यात काही अर्थ नाही, कुठल्या कंपनीचा ते आधी विचारा. आट्यांची लांबी जुन्याशी जुळवून बघा. एफसीच्या या हरिकेन इंजिनाला आखूड आट्यांचा प्लग लागतो, लांब आट्यांचा आत डोकावतो आणि त्या आट्यांवर काजळी बसते. गॅप 30 थाउ. डब्यातून निघालेला गॅप बरोबर असेल असं धरून चालू नका. चार महिन्यांनी काढून रंग बघा, बिस्किटी असला तर सगळं ठीक. काळा कोरडा असेल तर आधी कार्ब्युरेटरकडे बघा, प्लगला शिव्या देऊ नका.

इलेक्ट्रॉनिकबद्दल. मी बसवलेलं नाही आणि आमच्या गाडीत बसवणारही नाही. पॉइंट बिघडला तर कानस, चिंधी आणि फिलर गेजवर घाटात गाडी चालू होते. इलेक्ट्रॉनिकचं मॉड्यूल (पॉइंटऐवजी करंट तोडणारा डबा) गेलं की टो करूनच आणावी लागते. शिवाय इंजिन बंद असताना चावी ऑन राहिली की काही मॉड्यूल तिथंच जळतात, आणि तांब्याच्या वायरी काढून रेझिस्टरवाल्या घालाव्या लागतात. शाफ्ट डुलत असेल तर मॅग्नेटवाल्या किटलाही तो त्रास देतोच, फक्त पॉइंटपेक्षा कमी.

पण खरं सांगायचं तर तुमची गाडी रोज चालणारी असेल आणि जवळपास गॅप बांधणारा हात उरला नसेल, तर बुश करून घेऊन मग इलेक्ट्रॉनिक बसवायला हरकत नाही. अशा वेळी किट सांगेल त्याच ओहमची कॉइल लावा, माझं 3 ओहमचं मग विसरा. गाडीला आधीपासून बॅलास्ट किंवा रेझिस्टन्स वायर असेल तरीही 3 ची लावू नका, स्पार्क कमजोर पडेल. गाडी जुन्या 6 व्होल्टवरून 12 वर आणलेली असेल तर कुणी मध्ये काय जोडलंय ते वायर धरून शोधा. टायमिंग पुली फिरवून, पिस्टन वर पोचायच्या 5 अंश आधी लावा, आणि चढाला खडखड ऐकू आली तर डिलकोमधल्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्यात का तेही बघा.

हे सगळं सोडून डिझेल इंजिनच घाला असं कुणी सांगेल. दाजींनीही सांगितलं होतं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदललं की आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, आणि नुसतं बुश झिजलेल्या गाडीवर तो उपाय करण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही.

दाजींनी पैसे मायेपोटीच खर्च केले होते, ते मी कधीच नाकारलेलं नाही. पण दाजी, हे वाचत असाल तर ती कॉइल अजून खानापूरच्या घरी माळ्यावर आहे. गणपतीला याल तेव्हा मीटर तुमच्याच हातात देतो.